इंग्रजी घेऊन बीए केलं, तर पुढे काय?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



उल्हासनगरचे पाचही कॅम्प, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी आणि आजूबाजूच्या गावापाड्यांतल्या बचतगटांतल्या सगळ्या ताईंना, त्यांच्या लेकींना आणि सुनांना आम्हा समन्वयक बायकांचा नमस्कार.

आज आपण कर्जफेडीवर बोलणार नाही आणि पापड-मसाल्यावरही नाही. आजचा विषय आहे बारावीनंतरच्या शिक्षणाचा. बारावीचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत हप्ते जमा होतात, वही मिटते, तरी बायका उठत नाहीत. कुणीतरी हळूच विचारतं, "ताई, पोरगी म्हणते बीए करते, इंग्रजी घेऊन. घालू का? त्याचं पुढे काय होतं?" नर्सिंगचं पुढे काय होतं ते आपल्याला माहीत असतं. शिवणक्लासचं माहीत असतं. इंग्रजी घेऊन बीए केलेली बाई मात्र आपल्या ओळखीत नसते, म्हणून उत्तर कुणाकडेच नसतं. मग पोरगी ऐकते ते एवढंच, की "बघू."

त्या "बघू"च्या जागी नीट उत्तर देता यावं म्हणून आजचं हे बोलणं.

बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावातल्या गटात हा विषय रीतसर आला होता. गटातल्या एका ताईंनी अंतर्गत कर्जाचा अर्ज दिला. कारण लिहिलं होतं, मुलीची कॉलेजची फी. मुलगी मराठी शाळेतली, बारावी कला शाखेतून पास झालेली, आणि तिला पदवीला मुख्य विषय इंग्रजी घ्यायचा होता. शेळी घ्यायला, मशीन घ्यायला, दवाखान्याला कर्ज देताना गटाला फार बोलावं लागत नाही. या अर्जावर दीड तास चर्चा झाली. बायकांनी जे प्रश्न विचारले ते अगदी रास्त होते, म्हणून त्याच क्रमाने आपण जाऊ.

पहिला प्रश्न एका आजींचा होता. "इंग्रजी बोलायलाच शिकायचं ना? मग तीन महिन्यांचा क्लास लाव. तीन वर्षं कशाला घालवायची?"

हे आधी स्पष्ट करून घेऊ. इंग्रजी बोलण्याचा क्लास वेगळा आणि इंग्रजी घेऊन बीए वेगळं. क्लासमध्ये दुकानात कसं बोलायचं, मुलाखतीत काय सांगायचं, हे शिकवतात. बीएला त्या भाषेतलं साहित्य शिकवतात, म्हणजे कविता, नाटक, कादंबरी, निबंध. त्याच्या जोडीला भाषा कशी घडते, व्याकरण कसं चालतं, लिहिलेल्या गोष्टीची पारख कशी करायची, हे असतं. इंग्लंडमधले लेखक असतात, तसे इंग्रजीत लिहिणारे आपले भारतीय लेखकही असतात. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे मुख्य विषयाला 'मेजर' आणि जोडविषयाला 'मायनर' म्हणतात. तीन वर्षांनी पदवी मिळते आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्सची पदवी मिळते. तेव्हा मुलगी घरी येऊन म्हणाली, "माझा मेजर इंग्लिश आहे," तर घाबरायचं नाही. मुख्य विषय इंग्रजी, एवढाच त्याचा अर्थ.

आता तुम्ही म्हणाल, दोनशे वर्षांपूर्वीच्या गोऱ्या लोकांच्या गोष्टी वाचून आमच्या पोरीला काय मिळणार? एक उदाहरण सांगतो. जेन ऑस्टिन नावाची इंग्लंडमधली लेखिका होती. तिची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही कादंबरी १८१३ साली छापून आली. आजही ती ठिकठिकाणी अभ्यासाला असते. त्यात एका घरात पाच मुली आहेत. मुलगा नाही. बापामागे घर आणि जमीन मुलींना न मिळता लांबच्या एका पुरुष नातेवाइकाकडे जाणार आहे. म्हणून आईच्या जिवाला एकच घोर, की पोरींची लग्नं कधी होणार आणि कुणाशी. ही गोष्ट आम्ही बैठकीत सांगितली तेव्हा बायका हसल्या आणि मग गप्प झाल्या. सातबाऱ्यावर नाव नसण्याचं दुःख आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. आपल्याकडे २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क मिळाला. तो का द्यावा लागला, हे अशी कादंबरी वाचलेल्या मुलीला चटकन उमगतं. वाचलेलं आणि जगलेलं ताडून बघणं, त्यावर आपलं मत बनवणं आणि ते मुद्देसूद लिहिणं, हा या तीन वर्षांचा खरा अभ्यास आहे. बोलणं त्यात हळूहळू येतं. पण नुसतं बोलता यावं एवढीच इच्छा असेल, तर आजींचं म्हणणं बरोबर आहे, क्लासच बरा.

दुसरा प्रश्न मुलीच्या मावशीचा. "मराठी शाळेतली पोर. इंग्रजी शाळेतल्या मुलांपुढे टिकेल का?"

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी विषय आहे. म्हणजे आज बारावी झालेल्या मुलीने तो बारा वर्षं शिकलेला असतो. तरीही पहिलं वर्ष जड जातं, हे खरं आहे. वर्गात सर किंवा मॅडम इंग्रजीत बोलतात, पुस्तक इंग्रजीत, पेपरही इंग्रजीत लिहायचा. पहिले चार महिने अर्धं डोक्यावरून जातं. काही मुली याच काळात गप्प बसायला लागतात आणि मग कॉलेजला जायचं टाळतात. घरच्यांना वाटतं, पोरीला जमत नाही. खरं तर तिला वेळ हवा असतो.

ज्या मुली टिकल्या त्यांनी काय केलं, हे आम्ही विचारलं. सगळ्यांची उत्तरं साधी होती. रोज एक पान मोठ्याने वाचायचं, घरात कुणी हसलं तरी. अडलेला शब्द वहीत लिहायचा आणि त्याच्यापुढे मराठी अर्थ स्वतःच्या अक्षरात लिहायचा. रोज दहा ओळी इंग्रजीत लिहायच्या, चुकल्या तरी चालेल. आज विहिरीवर काय झालं, लोकलमध्ये कोण भेटलं, असं काहीही. कादंबरी वाचायच्या आधी तिची गोष्ट मराठीत समजून घ्यायची. कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन बसायचं, कारण घरी बसलं की भाकरी थापायला हाक येतेच. आणि चुकलेलं दाखवायला एखाद्या मॅडमना धरून ठेवायचं.

यात घरच्यांचं काम एकच. संध्याकाळचा एक तास तिचा. त्या तासात तिला पाणी भरायला पाठवायचं नाही. मुलगा अभ्यासाला बसला की आपण आवाज कमी करतो, तेवढंच तिच्यासाठी करायचं.

आणखी एक गोष्ट मराठी शाळेतल्या मुलींसाठी. तुमची मराठी पक्की आहे, हे तुमचं भांडवल आहे. ते सोडून द्यायचं नाही. इंग्रजी आलं म्हणून मराठी कच्ची होऊ दिली, तर हातात अर्धंच राहतं. का, ते तिसऱ्या प्रश्नात कळेल.

तिसरा प्रश्न सगळ्यांचाच होता. "पुढे नोकरी कुठली?"

सरळ सांगायचं तर बीए इंग्रजीची पदवी हातात पडली आणि दुसऱ्या दिवशी नोकरी लागली, असं होत नाही. ही पदवी पहिली पायरी आहे. दुसरी पायरी कोणती, हे दुसऱ्या वर्षापासूनच डोक्यात ठेवायला हवं. दुसऱ्या पायऱ्या कोणकोणत्या, ते बघू.

सगळ्यात ओळखीची म्हणजे शिक्षिका. पदवीनंतर बीएड करायचं. ते दोन वर्षांचं असतं आणि त्याला प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, द्यावी लागते. खुल्या गटातल्या मुलींना पदवीला किमान ५० टक्के गुण लागतात, राखीव गटांना सवलत आहे. म्हणून नुसतं पास होऊन भागत नाही. आठवीपर्यंत शिकवायचं तर टीईटी ही पात्रता परीक्षाही पास व्हावी लागते. इंग्रजी हा विषय प्रत्येक शाळेत आहे, म्हणून तो नीट शिकवणाऱ्याची गरजही प्रत्येक शाळेत आहे. पण अनुदानित शाळेतली जागा निघायला वाट बघावी लागते आणि छोट्या खासगी शाळांत सुरुवातीचा पगार कमी असतो, हेही मनात धरून चाला. कॉलेजात शिकवायचं असेल तर एमए करायचं, त्यात ५५ टक्के मिळवायचे आणि नेट किंवा सेट परीक्षा पास व्हायचं. राखीव गटांना इथेही सवलत आहे.

दुसरी वाट वकिलीची. कुठल्याही पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम करता येतो. त्यालाही सीईटी आहे. कायद्याची पुस्तकं आणि निकाल मोठाले आणि बहुतेक इंग्रजीत. तीन वर्षं अवघड इंग्रजी वाचायची सवय झालेल्या मुलीला ते वाचायची भीती वाटत नाही.

तिसरी वाट भाषांतराची, आणि ती आपल्याकडे फार कुणाला माहीत नाही. आपल्या तालुका आणि जिल्हा कोर्टात साक्ष मराठीत नोंदवली जाते. तोच खटला अपिलात मुंबईला उच्च न्यायालयात गेला, की तिथलं कामकाज इंग्रजीत. राज्यघटनेच्या ३४८व्या कलमात ते सांगितलेलं आहे. म्हणजे आपल्या एखाद्या बहिणीने कल्याणच्या किंवा उल्हासनगरच्या कोर्टात रडत रडत जे सांगितलं, ते न्यायाधीशांपुढे इंग्रजीत जातं. ते इंग्रजीत नेणारी व्यक्ती मराठी किती जाणते, यावर पुष्कळ काही अवलंबून असतं. न्यायालयांत भाषांतरकारांची पदं असतात. राज्य सरकारचं भाषा संचालनालय १९६० सालापासून आहे. तिथे कायदे आणि नियम मराठीत आणायचं काम चालतं. वर्तमानपत्रं, प्रकाशनं, जाहिराती, औषध कंपन्यांची माहितीपत्रकं, चित्रपटांखाली दिसणाऱ्या मजकुराच्या ओळी, या सगळ्याला दोन भाषा येणारं माणूस लागतं.

इथे एका तरुण सुनेने चांगला मुद्दा काढला. "ताई, मोबाईल करतो की भाषांतर. माणूस कशाला लागेल?"

मोबाईल करतो, आणि पुष्कळदा बरं करतो. पण एक शब्द घेऊन बघू. जामीन. पोलिसांनी धरलेल्या माणसाला कोर्टातून 'जामीन मिळाला' म्हणतो, तेव्हा त्याला इंग्रजीत 'बेल' म्हणतात. गटातल्या ताईच्या कर्जाला आपण 'जामीन राहिलो' म्हणतो, तेव्हा इंग्रजीत शब्द येतो 'गॅरंटर' किंवा 'शुअरिटी'. शब्द एकच, पण एका जागी सुटका आहे आणि दुसऱ्या जागी गळ्यात पडलेली जबाबदारी. मशीनने एकाच्या जागी दुसरा घातला, तर ते पकडायला दोन्ही बाजू कळणारं माणूस हवं. पुढच्या काळात साधं साधं भाषांतर मशीन करील, आणि तपासायचं, चूक पकडायचं, सही करायचं काम माणसाकडे येईल. म्हणून अर्धवट इंग्रजी येऊन भागणार नाही. आणि म्हणूनच आम्ही मघाशी म्हणालो, मराठीही सोडायची नाही. नुसतं इंग्रजी येणारे मुंबईत ढिगाने आहेत. आपल्या गावच्या बोलीतलं बोलणं समजून ते बिनचूक इंग्रजीत मांडणारी मुलगी शोधावी लागते.

चौथी वाट स्पर्धा परीक्षांची. राज्यसेवेला कुठलीही पदवी चालते. बँकांच्या परीक्षांत इंग्रजीचा वेगळा भाग असतो आणि आपल्याकडची मुलं तिथेच अडतात. इंग्रजी घेतलेल्या मुलीला तो भाग सोपा जातो. मात्र गणित तिला वेगळं बसून करावं लागेल.

पाचवी वाट कंपन्यांची. ऐरोली, ठाणे, मुलुंडकडच्या कंपन्यांत ग्राहकांशी फोनवर किंवा लिहून बोलायचं काम असतं. इथे नोकरी लवकर लागते. काही ठिकाणी रात्रपाळी असते. बदलापूरहून जाऊन-येऊन किती तास जातात, रात्री घरी सोडायला गाडी आहे का, हे आधी विचारून घ्यायचं. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांतही कार्यालयात पत्रव्यवहार, ऑर्डर, बाहेरच्या ग्राहकांशी ईमेल अशी कामं असतात. त्यासाठी पदवीच्या जोडीला संगणक आणि टायपिंग यायला हवं.

चौथा प्रश्न बैठकीत कुणी मोठ्याने विचारला नाही. पण चहा पिताना एक ताई म्हणाल्याच. "एवढं इंग्रजी शिकली की मग आपल्याला कशाला विचारील?"

या प्रश्नाला आम्ही इतिहासातून उत्तर देतो. सावित्रीबाई फुल्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ साली आला. बायकांनी आणि शूद्रातिशूद्रांनी इंग्रजी शिकावं, असं त्यांनी त्यात कवितेतून सांगितलं. ज्यांना शाळेच्या पायरीवर उभं करत नव्हते, त्यांच्यासाठी इंग्रजी हे बाहेर पडायचं दार होतं. आपल्या लोकांपासून तोडण्यासाठी त्यांनी ते सांगितलं नव्हतं.

उल्हासनगरहून दोन स्टेशनं मागे कल्याण. डॉक्टर आनंदीबाई जोशींचं माहेर तिथलं. १८८३ साली अमेरिकेला निघण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरला भरसभेत त्यांनी इंग्रजीत भाषण केलं आणि मी डॉक्टर व्हायला का जाते ते सांगितलं. आपल्या बायका पुरुष डॉक्टरांपुढे दुखणं सांगत नाहीत, म्हणून बाई डॉक्टर हवी, हा त्यातला मुद्दा होता. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. इंग्रजी त्यांनी बायकांच्या दुखण्यासाठी वापरलं.

आणि खास या विषयातली बाई म्हणजे नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. गुण इतके होते की इंग्लंडला जायची शिष्यवृत्ती त्यांना मिळायला हवी होती. बाई आहे म्हणून ती नाकारली गेली. मग त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकवलं. पुढे इंग्लंडमधल्या बायकांनी पैसे गोळा करून त्यांना ऑक्सफर्डला शिकायला बोलावलं आणि १८९२ साली तिथे त्यांनी कायद्याची परीक्षा दिली. बायकांनी पैसे जमवून एका मुलीला शिकवलं. बचतगट म्हणतात तो याहून काय वेगळा असतो? भारतात परत आल्यावर त्यांनी पडद्यात राहणाऱ्या बायकांची, विधवांची मालमत्तेची प्रकरणं हाताळली. १९०४ साली बंगालमध्ये त्यांना याच कामासाठी सरकारी पद मिळालं. साहित्याची पदवी, मग शिक्षिका, मग वकील, अशी त्यांची वाट गेली. आपण मघाशी ज्या पायऱ्या मोजल्या त्याच या.

अलीकडचं उदाहरण तर आपल्या आणखी जवळचं आहे. फलटणच्या बेबीताई कांबळे छोटंसं किराणा दुकान चालवायच्या. दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून त्यांनी आपल्या समाजाची, बायकांची कहाणी लिहिली. ते पुस्तक 'जिणं आमुचं'. रत्नागिरीकडच्या उर्मिला पवारांनी 'आयदान' लिहिलं. त्यांची आई बांबूच्या सुपल्या-टोपल्या विणायची, तेच हे आयदान. ही दोन्ही पुस्तकं २००८ साली इंग्रजीत आली. दोन्ही इंग्रजीत नेली माया पंडित यांनी. त्या हैदराबादच्या इंग्रजी आणि परकीय भाषांच्या विद्यापीठात प्राध्यापक होत्या. त्यांना इंग्रजी येत होतं आणि त्यांची मराठी शाबूत होती, म्हणून फलटणच्या दुकानात लिहिलेले शब्द देशापरदेशातल्या विद्यापीठांत वाचले गेले. आज आपली मुलगी इंग्रजी शिकायला गेली, तर तिथे तिला बेबीताईच इंग्रजीत भेटतील, असंही होऊ शकतं.

आणि लांब कशाला जायचं? आपल्या गटाकडेच बघा. मसाल्याच्या, पापडाच्या पाकिटावरची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावी लागते, मराठी त्याच्या जोडीला घालता येते, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. ते लेबल आपण पैसे देऊन दुसऱ्याकडून लिहून घेतो. बँकेचा करारनामा पानंच्या पानं इंग्रजीत असतो आणि आपण फक्त खुणेच्या जागी सही करतो. मायक्रोफायनान्सच्या कर्जाचं कार्ड कर्जदाराला समजेल अशा भाषेतच द्यायचं, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ सालचा नियम आहे. किती जणींना तो माहीत होता? नियम इंग्रजीत वाचून आपल्याला मराठीत सांगणारी एक मुलगी गटापाशी असली, की असे हक्क कळतात. कॅम्प पाचकडच्या आपल्या कितीतरी बहिणी जीन्सचे धागे कापायचं काम नगावर करतात. हातातल्या पॅंटवरचं लेबल काय सांगतं, ती कुठे विकायला चालली, हे त्यांच्या लेकींनी त्यांना वाचून दाखवावं, एवढी इच्छा ठेवायला काय हरकत आहे?

आता पैशाचं आणि कागदांचं. शिकायला लांब जायची गरज नाही. १९६५ साली सुरू झालेलं उल्हासनगरचं चांदीबाई कॉलेज आपल्याला माहीत आहे. फाळणीत घरदार सोडून आलेल्या सिंधी समाजाच्या शिक्षणसंस्थेने ते उभं केलं. निर्वासितांच्या छावणीत ज्यांनी संसार मांडला, त्यांनी कॉलेजंही उभी केली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. उल्हासनगरात आणखीही कॉलेजं आहेत, बदलापूरला आहेत, कल्याणला आहेत. मात्र प्रवेश घेण्याआधी स्वतः जाऊन चार गोष्टी विचारायच्या. इथे शेवटच्या वर्षापर्यंत इंग्रजी हा मुख्य विषय मिळतो का? की दुसऱ्या वर्षानंतर मुलं कमी म्हणून बंद होतो? विषयाला कायमस्वरूपी प्राध्यापक किती? आणि पूर्ण वर्षाची फी, परीक्षेच्या फीसह, किती?

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या पोर्टलवर भरायचा असतो. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला आणि आधार जोडलेलं मुलीच्या नावाचं बँक खातं लागतं. दाखले निघायला वेळ लागतो. बारावीच्या निकालाची वाट न बघता एप्रिल-मेमध्येच तहसीलला अर्ज टाका. रेल्वेच्या पासाच्या सवलतीचा फॉर्म कॉलेजातून मिळतो. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच.

ज्यांची लग्नं झाली, ज्यांना रोज कॉलेजला जाता येत नाही, त्यांनाही दार बंद नाही. मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण आहे, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, इग्नू आहे. इग्नूत इंग्रजीची ऑनर्सची बीए घरून करता येते. अंबरनाथ तालुक्यातल्या ज्या सुनांची बारावी होऊन पुस्तकं माळ्यावर गेली, त्यांनी हे खास ऐकावं.

हा विषय कुणी घेऊ नये, तेही सांगतो. जिला वाचायचा कंटाळा आहे, तिने घेऊ नये. मैत्रिणीने घेतला म्हणून घेऊ नये. लग्नाच्या बायोडाटात चांगलं दिसतं म्हणून तर अजिबात घेऊ नये. आणि घरात लवकर पगार यायलाच हवा अशी अडचण असेल, तर आधी कमी मुदतीचं कौशल्य शिकून कमवायला लागावं आणि बीए दूरशिक्षणाने करावं. त्यात कमीपणा काहीच नाही.

त्या गावच्या अर्जाचं काय झालं, ते तुम्हाला ऐकायचं असेल. गटाने कर्ज मंजूर केलं, शेकडा एक रुपया व्याजाने, बाकीच्या कर्जांसारखंच. इतिवृत्तात एक ओळ जास्तीची लिहिली, की मुलगी महिन्याच्या बैठकीला येऊन गटाचे इंग्रजी कागद वाचून दाखवील. पहिल्या सत्रात ती एका पेपरात राहिली. लगेच घरात स्थळाची बोलणी सुरू झाली. गटाच्या अध्यक्षा आणि सचिव तिच्या वडिलांना भेटल्या. त्यांनी भांडण केलं नाही. एवढंच विचारलं, "शेळी पहिल्या वेतात एकच करडू देते म्हणून आपण ती विकतो का?" वडील हसले. पेपर पुढच्या खेपेला सुटला. आता ती तिसऱ्या वर्षाला आहे आणि बीएडच्या सीईटीचा फॉर्म भरायची तयारी करते आहे. सीईटीत काय होईल, ते पुढे कळेल. तिच्या आईचे हप्ते मात्र एकही न चुकता आलेत. आणि मागच्या महिन्यात बँकेच्या करारातली विम्याच्या कापून घेतलेल्या रकमेची ओळ तिनेच वाचून दाखवली. ती कशासाठी, हे गटाने बँकेत जाऊन पहिल्यांदा विचारलं.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत एक काम करा. आपल्या गटातल्या कुणाकुणाची मुलगी या वर्षी बारावीला आहे, त्यांची नावं वहीत लिहा. प्रत्येकीला काय शिकायचं आहे, ते तिच्या आईला न विचारता तिलाच बोलावून विचारा. कुणी इंग्रजी म्हणाली, तर तिला दोन प्रश्न घाला. तुला वाचायला आवडतं का? आणि पदवीनंतरची दुसरी पायरी कोणती? पहिल्याचं उत्तर हो असेल, तर दुसऱ्याचं उत्तर शोधायला तिला मदत करा. दाखले काढायला एक ताई तिच्याबरोबर तहसीलला जाऊ द्या. कॉलेज बघायला दुसरी जाऊ द्या.

आणि फीला पैसे कमी पडत असतील, तर शिक्षणाचा अर्ज शेळीच्या अर्जाखाली दाबून ठेवू नका. दोन्ही अर्ज एकाच बैठकीत वाचा.

पुढच्या वेळी उत्पन्नाच्या दाखल्याला लागणारे कागद एकेक करून सांगू. वही-पेन घेऊन बसा.